आवाज वाईट की पट्टी चुकीची? गाणं शिकायला सुरुवात करताना आधी काय समजून घ्यावं

सोसायटीच्या गणपतीत रात्री कराओके लागतं. एक काका किशोरकुमारचं गाणं निवडतात. मुखडा झकास जातो, टाळ्याही पडतात. अंतरा वर चढायला लागला की मानेच्या शिरा ताणल्या जातात, हनुवटी वर जाते आणि शेवटच्या ओळीला आवाज फाटतो. काका हसत माइक पुढच्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "आपला गळाच नाही."

बहुतेक वेळा दोष गळ्याचा नसतो. ते गाणं त्यांच्या पट्टीत नव्हतं, एवढंच. पण "गळाच नाही" हा शिक्का एकदा बसला की सहसा पुसला जात नाही. अनेकांना तो चौथी-पाचवीत, स्नेहसंमेलनाच्या समूहगीतातून नाव वगळलं जातं तेव्हाच मिळतो आणि मग तो माणूस आयुष्यभर आरतीसुद्धा ओठातल्या ओठात म्हणतो.

सूर कळत नाही, असं खरंच असतं का?

असतं, पण फार थोड्या लोकांच्या बाबतीत. दोन स्वरांमधला चढउतार ज्यांना जन्मतःच ओळखता येत नाही, अशी माणसं आहेत. ओळखीच्या गाण्याची चाल बदलली तरी त्यांना फरक जाणवत नाही. मात्र रिअॅलिटी शोमध्ये कोणी बेसूर झालं की घरबसल्या ज्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांचा कान शाबूत असतो. बेसूर गाणाऱ्यांची तपासणी संशोधकांनी केली, तेव्हा त्यातल्या अनेकांना ऐकताना स्वर नीट ओळखता येतात असंच दिसलं. अडचण होती ती ऐकलेला स्वर गळ्यातून काढण्यात.

याचं कारण गळ्याच्या रचनेत आहे. स्वरयंत्रात स्वरतंतूंची एक जोडी असते. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने ती थरथरते. पुरुष साधारण ज्या सुरात 'सा' लावतात, त्या पांढरी एकच्या षड्जाला हे तंतू सेकंदाला सुमारे १३१ वेळा कंप पावतात. तोच सा एक सप्तक वर घेतला की कंपनं दुप्पट, म्हणजे सुमारे २६२ होतात. हे तंतू किती ताणायचे हे लहान लहान स्नायू ठरवतात. ते दिसत नाहीत, हाताने धरता येत नाहीत. बरोबर झालं की चुकलं, हे फक्त कान सांगतो. रांगोळीची रेघ वाकडी आली हे डोळ्याला लगेच दिसतं, सरळ रेघ ओढायला मात्र हात बसावा लागतो. गळ्याचंही तसंच आहे. गळा बसवता येतो.

पट्टी म्हणजे नेमकं काय?

पेटीवर एका सप्तकात बारा पट्ट्या असतात, सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. त्यातल्या ज्या पट्टीला गायक आपला 'सा' मानतो, ती त्याची पट्टी. "काळी एकमध्ये गातो" म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गातो. इतर सगळे स्वर त्या सापासून मोजले जातात. भारतीय संगीतात सा कुठल्याही ठरावीक उंचीला बांधलेला नाही. प्रत्येकाने तो आपल्या गळ्याप्रमाणे ठरवायचा असतो. नवशिक्याला मिळालेली ही फार मोठी सवलत आहे आणि बहुतेक नवशिके नेमकी तीच वापरत नाहीत.

सर्वसाधारणपणे पुरुषांची पट्टी पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास असते आणि स्त्रियांची पांढरी पाच ते काळी पाचच्या आसपास. काळी एक आणि काळी चार या दोन पट्ट्यांची नावं म्हणूनच सतत कानावर पडतात. पण हा फक्त अंदाज आहे. कुणा पुरुषाची पट्टी यापेक्षा वर असते, कुणा बाईची खाली.

घरगुती आरतीत पट्टीची गंमत नीट दिसते. ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा, तो सुरुवात करतो. त्याची पट्टी हीच सगळ्यांची पट्टी होते. बायकांना ती फार खाली पडते, म्हणून त्या एकदम वरच्या सप्तकात जातात. मधल्या उंचीचे आवाज ना इकडे बसतात ना तिकडे. उत्साहात प्रत्येक कडव्याला सूर थोडा वर सरकतो आणि तिसऱ्या आरतीपर्यंत अर्धे लोक टाळ्यांवर आणि झांजांवर येतात. यात कोणाचाच आवाज वाईट नसतो.

माइक नव्हता त्या काळात संगीत नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे, म्हणून पुरुष गायकही चढ्या पट्टीत गात. ती गरज आता राहिलेली नाही. उंच पट्टीत गाणारा तो मोठा गवई, ही समजूत मात्र टिकून आहे.

आपली पट्टी कशी शोधायची?

यासाठी पेटी किंवा मोबाइलवरचं पियानोचं कुठलंही फुकट अॅप पुरतं. सकाळी उठल्या उठल्या हा प्रयोग करू नये. तेव्हा आवाज जड असतो आणि नेहमीपेक्षा खाली जातो. दिवसभरात थोडं बोलणं झाल्यावर करावा.

नेहमीच्या बोलण्याच्या उंचीवर एक 'आ' लावायचा आणि तो कुठल्या पट्टीशी जुळतो ते पाहायचं. तिथून एकेक पट्टी खाली उतरायचं. जिथे आवाज नुसता घरघर करू लागतो किंवा हवाच जास्त येते, त्याच्या आधीची पट्टी हा आपला सर्वांत खालचा स्पष्ट स्वर. आता तिथून काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या वर मोजायच्या. तिथे तात्पुरता सा धरायचा.

उदाहरणार्थ, एखाद्या पुरुषाचा खालचा स्पष्ट स्वर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचवर आला, तर पाच पट्ट्या मोजून त्याचा सा पांढरी एकवर येतो. एखाद्या बाईचा खालचा स्वर पांढरी दोनवर आला, तर तिचा सा पांढरी पाचवर. पाचच का? कारण सापासून खाली पाच पट्ट्यांवर मंद्र सप्तकातला पंचम असतो आणि बहुतेक गाणी त्याच्या खाली फारशी उतरत नाहीत.

मग वरची बाजू तपासायची. या साने सुरू करून वरच्या सापर्यंत जायचं आणि तिथून आणखी रे, ग. तार सप्तकातल्या गंधाराला हनुवटी वर न उचलता, खांदे न आवळता पोचता आलं, तर पट्टी बरोबर आहे. नाही जमलं, तर सा एक पट्टी खाली घ्यायचा. पहिल्या दिवशी ठरलेली पट्टी कायमची नसते. सहा महिन्यांच्या रियाजाने आवाज दोन्ही बाजूंना थोडा मोकळा होतो आणि पट्टी अर्धा-एक स्वर बदलू शकते. मुलांच्या बाबतीत तर वयात येताना, साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान, ती पार खाली जाते. त्या काळात आवाज फुटत असताना जुन्या पट्टीत गायला लावू नये.

आवाज खालचा किंवा जाड असणं हा दोष मानला जातो, विशेषतः बायकांच्या बाबतीत. गंगूबाई हनगल यांचं उदाहरण इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तरुणपणी त्यांचा आवाज बारीक होता. घशाच्या आजारानंतर आणि त्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर तो इतका खाली गेला, की रेकॉर्ड ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. त्या त्याच आवाजात, खालच्या पट्टीत गात राहिल्या. २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

तानपुरा आधी, पेटी नंतर

पट्टी ठरली की रोज तिच्यात सूर धरून ठेवणारं काहीतरी हवं. त्यासाठी तानपुरा. खरा तानपुरा घ्यायचा तर मिरजेला जावं. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण सुरुवातीला त्याची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अॅप चालतं. फक्त आवाज मोबाइलच्या बारीक स्पीकरवरून न घेता बऱ्या स्पीकरवर किंवा एका कानात इयरफोन लावून ऐकावा, म्हणजे खर्जाची तार ऐकू येते.

तानपुऱ्याच्या चार तारांपैकी पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. शांतपणे ऐकलं तर खर्जाच्या तारेतून एक गंधारही उमटताना जाणवतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा ऐकू यायला काही आठवडे लागतात. तो ऐकू आला की कान तयार होऊ लागला असं समजायला हरकत नाही.

पेटीचं काय? पेटी सोपी, कारण पट्टी दाबली की स्वर तयार मिळतो. तोच तिचा धोका आहे. प्रत्येक स्वर पेटीवर वाजवून त्याच्या मागे गाणाऱ्याचा गळा पेटीच्या आधाराला सोकावतो, आधार काढला की डगमगतो. शिवाय पेटीच्या बारा पट्ट्या सारख्या अंतरावर जुळवलेल्या असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. या वादातूनच आकाशवाणीने १९४० पासून अनेक वर्षं पेटीवर बंदी घातली होती. नवशिक्याने इतकं कठोर होण्याचं कारण नाही. चाल समजून घ्यायला पेटी जरूर वापरावी, रियाज मात्र तानपुऱ्यावर करावा.

पहिले तीन महिने काय गायचं?

इथे बहुतेकांची निराशा होते, कारण उत्तर आहे: सा.

तानपुरा लावून, पाठ सरळ ठेवून, जबडा सैल सोडून 'सा' लावायचा आणि एका श्वासात तो दहा-बारा सेकंद तसाच ठेवायचा. ना आवाज वाढवायचा, ना कमी करायचा, ना कंप द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात सहाव्या-सातव्या सेकंदाला श्वास कमी पडू लागला की सूर हळूच खाली घसरतो आणि सुरुवातीला ते कळतही नाही. कळायला लागणं हीच पहिली प्रगती. सूर तानपुऱ्यात मिसळतो तेव्हा आपला आवाज वेगळा ऐकू येत नाही, तो जणू तानपुऱ्यात विरघळतो. जरा इकडेतिकडे झाला की दोन आवाजांत एक लाट उठल्यासारखी ऐकू येते.

सानंतर पंचम, मग खालचा पंचम, मग बाकीचे स्वर. त्यानंतर अलंकार, म्हणजे पलटे: सारेग, रेगम, गमप असे स्वर ओळीने चढत-उतरत. पलटे संथ गावेत. वेग नंतर आपोआप येतो. घाई केली तर बेसूरपणाच वेगाने पक्का होतो. आधी सरगम म्हणून आणि मग तेच 'आ' काराने म्हणावेत. स्वरांच्या नावांच्या आडोशाला बऱ्याच चुका लपतात, आकारात त्या उघड्या पडतात.

पहिला राग म्हणून अनेक वर्गांत भूप शिकवला जातो. त्यात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर, मध्यम-निषाद नाहीत. नवशिक्याला अर्ध्या स्वराची अंतरं सगळ्यांत अवघड जातात आणि भूपात ती नाहीतच. यमन त्यानंतर.

रोज किती वेळ? रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं कितीतरी बरी. स्नायूंची सवय रोजच्या रोज पडते. या वीस मिनिटांत तालाचा थोडा भाग असावा. बहुतेक लोक सुराच्या मागे लागून ताल विसरतात आणि मग तबल्याबरोबर गायची वेळ आली की सम हुकते. हाताने टाळी-खाली देत केरवा आठ मात्रांत, दादरा सहा मात्रांत आणि त्रिताल सोळा मात्रांत मोजता आला, तरी सुरुवातीला पुरे.

श्वासाचा बाऊ

इंटरनेटवर श्वासावर इतकं सांगितलं जातं, की गाणं हा प्राणायामाचा प्रकार वाटावा. मोजकं लक्षात ठेवलं तरी चालतं. श्वास घेताना खांदे वर जाऊ नयेत. पोट आणि बरगड्यांची खालची बाजू फुलावी. ओळ सुरू होण्याआधी श्वास घ्यावा, शब्द तोडून मध्येच नाही. कागदावर गाणं लिहून श्वासाच्या जागी पेन्सिलने खूण करून ठेवावी.

श्वास कमी असेल तर लहान जागा करून गाता येतं. कुमार गंधर्व ऐन तारुण्यात क्षयरोगाने आजारी पडले, काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. देवासला राहून ते त्यातून उठले आणि एका फुप्फुसाच्या बळावर पुन्हा गायला लागले. त्यानंतरच्या त्यांच्या गाण्यात स्वरांचे छोटे, टोकदार तुकडे आणि मधल्या शांत जागा ठळकपणे जाणवतात.

स्वतःचा आवाज ऐकवत नाही, त्याचं काय?

मोबाइलवर पहिल्यांदा स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून ऐकलं की जवळजवळ प्रत्येकजण दचकतो. "मी असा गातो?" बोलताना आणि गाताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून आणि कवटीच्या हाडांतून. हाडांतून येणारा आवाज अधिक भरदार असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, म्हणून आवाज पातळ आणि परका वाटतो. इतरांना तो नेहमी तसाच ऐकू आलेला असतो, त्यांना त्यात विचित्र काही वाटत नाही.

तरीही रेकॉर्ड करावंच. गात असताना लक्ष शब्दांवर, श्वासावर, समोरच्यावर असतं, चुका निसटतात. आठवड्यातून एकदा एकच पलटा आणि एकच गाणं रेकॉर्ड करून ठेवलं, तर तीन महिन्यांनी फरक स्वतःच ऐकता येतो.

तुलना मात्र रील्सशी करू नये. १९९७ साली ऑटोट्यून नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. ते बनवणारे अँडी हिल्डब्रँड आधी तेलशोधासाठी जमिनीतल्या लहरींच्या नोंदींवर काम करत होते. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' गाण्यात ते उघडपणे वापरलं गेलं. आज सूर दुरुस्त करणारी अशी साधनं मोबाइलमध्येही आहेत. बेडरूममध्ये बसून गायलेलं, एकही स्वर न हललेलं जे गाणं स्क्रीनवर दिसतं, ते गळ्यातून तसंच आलेलं असेल याची खात्री नसते.

क्लास निवडताना

सूर चुकला की त्याच क्षणी थांबवणारं माणूस समोर असणं याला पर्याय नाही. व्हिडिओ ऐकवतो, पण ऐकून घेत नाही. म्हणून निदान पहिलं वर्ष तरी कोणाकडे तरी शिकावं.

चौकशी करताना एक प्रश्न जरूर विचारावा: प्रत्येकाला त्याच्या पट्टीत शिकवतात का? अनेक वर्गांत दहा-बारा जणांना, बाप्ये, बायका, मुलं सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावतात. शिकवणाऱ्याची सोय होते, पण त्यातल्या निम्म्यांचा गळा रोज ताणला जातो. निदान बायका-पुरुषांच्या तुकड्या तरी वेगळ्या असाव्यात.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहेत. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, त्या परंपरेतून हे मंडळ आलं. परीक्षेमुळे अभ्यासाला शिस्त लागते. पण रागाचे आरोह-अवरोह पाठ असणं आणि तो राग सुरात गाता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पालकांना प्रमाणपत्राची घाई झाली, की पहिल्या दोन वर्षांत जे सुराचं काम व्हायला हवं, ते राहून जातं.

परदेशातली अनेक मराठी घरं पुण्या-मुंबईच्या गुरूंकडून ऑनलाइन शिकतात. त्यात एक तांत्रिक अडचण आहे. व्हिडिओ कॉलवर आवाज किंचित उशिरा पोचतो, म्हणून दोघांना एकत्र गाता येत नाही. गुरूने गायचं, मग शिष्याने, असंच चालवावं लागतं. तानपुरा शिष्याच्या बाजूला वाजत असावा आणि अॅपमधला 'आवाज स्वच्छ करण्याचा' पर्याय बंद ठेवावा, नाहीतर लांब लावलेला स्वर अॅप गोंगाट समजून कापून टाकतं.

पहिलं गाणं

पहिलं गाणं आवडतं असावं, पण सोपंही असावं. अभंग, साधी भावगीतं चांगली, कारण त्यांची चाल एका सप्तकात बसते. तानांनी भरलेलं नाट्यगीत थांबू शकतं. लता मंगेशकर, आशा भोसले यांच्या अनेक गाण्यांचे अंतरे तार सप्तकात बरेच वर जातात. ती गाणी मूळ पट्टीतच गायली पाहिजेत असा काही नियम नाही. गाण्यातला सर्वांत उंच स्वर आधी शोधावा. तो आरामात लागला, की बाकीचं गाणं बसतं. कराओकेच्या बहुतेक अॅपमध्ये पट्टी वर-खाली करायचं बटण असतं. उणे दोन म्हणजे दोन पट्ट्या खाली. गणपतीतल्या त्या काकांना कदाचित तेवढंच पुरलं असतं.

स्वर नेहमी स्वरावर ठेवायचा, व्यंजनावर नाही, हेही इथेच कळतं. 'मन' म्हणताना 'न' वर थांबलं तर आवाज नाकात जातो. 'म' मधल्या अकारावर थांबावं.

गळ्याची काळजी

दही, थंड पाणी, लोणचं यांवरून घराघरांत वाद आहेत. ज्याला जे बाधतं ते त्याने टाळावं. यापेक्षा पुरेसं पाणी पिणं आणि पुरेशी झोप यांचा उपयोग जास्त होतो. सर्दीत, घसा बसलेला असताना रियाज करू नये. मोठ्याने ओरडणं तर टाळावंच, पण घसा बसल्यावर कुजबुजत बोलण्यानेही आराम मिळत नाही. सरळ गप्प बसणं बरं. शिक्षक, फेरीवाले, वकील यांचा आवाज दिवसभर वापरला जातो. त्यांनी रियाज थकलेल्या संध्याकाळी न करता शक्यतो सकाळी, तोंड-घसा जरा मोकळा झाल्यावर करावा.

रियाजानंतर आवाज मोकळा वाटायला हवा. दर वेळी घसा दुखत असेल किंवा आवाज बसत असेल, तर पट्टी चुकतेय किंवा जोर जास्त लागतोय. आवाजातला घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत गेला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत. तंतूंवर लहान गाठी आल्या असतील, तर लवकर कळल्यास बऱ्याचदा विश्रांती आणि वाणीउपचाराने त्या बऱ्या होतात.